स्लाइडवर परजीवी दिसला. पण टर्की त्यानंच मेली का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. आमच्या विभागात शिकवण्यासाठी ठेवलेल्या जुन्या स्लाइड्सची एक लाकडी पेटी आहे. मॅडमनी त्यातली एक काढून माझ्या मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि म्हणाल्या, "बघ रे, काय दिसतंय?" लेबलवर फिकट अक्षरात लिहिलं होतं: टर्की, ल्युकोसायटोझून स्मिथी. ऑइल इमर्शनखाली बघितलं तर एक लांबलचक पेशी, दोन्ही टोकांना शिंगांसारखी निमुळती, आणि मधे निळसर रंगाचा परजीवी. पुस्तकात असतो तसाच.

"ही टर्की कशानं मेली?" मॅडमनी विचारलं.

"ल्युकोसायटोझूननं," मी लगेच सांगितलं.

"ती मेली असं तुला कुणी सांगितलं?"

मी गप्प. लेबलवर मेल्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं. जिवंत पक्ष्याच्या पंखाखालच्या शिरेतून काढलेलं रक्तही असू शकतं. हा किस्सा मी त्या दिवशी हसण्यावारी नेला. पुढे सहा महिन्यांनी माझा सिनॉप्सिस आरआरसीतून परत आला, तेव्हा मात्र नीट आठवला. शीर्षकात मी लिहिलं होतं, "गावठी कोंबड्यांमध्ये रक्तातील परजीवींमुळे होणारी मरतूक". "मुळे" या शब्दाखाली लाल रेघ होती, आणि समासात एकच शब्द: "कशावरून?"

आज त्या "कशावरून?"बद्दल लिहितोय. उदाहरण त्या टर्कीचंच घेतो, कारण या एका आजाराच्या अभ्यासात संशोधनाची जवळपास प्रत्येक पायरी स्वच्छ दिसते. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर विषय कुठलाही असो, हे उपयोगी पडेल.

आधी आजार समजून घेऊ

ल्युकोसायटोझून हा मलेरियाच्या परजीवीचा लांबचा भाऊबंद. तो फक्त पक्ष्यांमध्ये आढळतो. त्याच्या बऱ्याच जाती आहेत: बदकांत ल्युकोसायटोझून सिमोंडी, कोंबड्यांत कॉलेरी आणि साब्राझेसी, टर्कीत स्मिथी. मलेरियाचा परजीवी डास पसरवतो. स्मिथीला पसरवते सिम्युलियम नावाची माशी.

सिम्युलियमला इंग्रजीत ब्लॅक फ्लाय म्हणतात. पण "काळी माशी" म्हटलं की विदर्भातल्या लोकांना संत्र्यावरची काळी माशी आठवते, जिच्यामुळे झाडावर कोळशी येते. ती पांढऱ्या माशीच्या कुळातली. तिचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणून या लेखात मी सिम्युलियमच म्हणतो.

सिम्युलियम २ ते ५ मिलिमीटरची, पाठीला कुबड असलेली, गुबगुबीत माशी. हिची अळी साचलेल्या पाण्यात वाढत नाही. तिला वाहतं पाणी लागतं. दगडाला किंवा पाण्यातल्या पानाला ती रेशमाचा ठिपका लावते, शेपटाकडच्या आकड्यांनी त्याला घट्ट धरते, आणि डोक्यावरच्या पंख्यांसारख्या केसांनी प्रवाहातले कण गाळून खाते. चावते फक्त मादी, आणि तीही दिवसा. डासासारखी ती नळी खुपसत नाही. कातडीला बारीक जखम करून साठलेलं रक्त चाटते.

आता परजीवीचा प्रवास. माशी चावली की तिच्या लाळेतून स्पोरोझोइट टर्कीच्या शरीरात जातात आणि यकृताच्या पेशींत शिरतात. तिथे त्यांची संख्या वाढते. तिथून बाहेर पडलेले मेरोझोइट रक्तपेशींत शिरून गॅमिटोसाइट बनतात, म्हणजे नर आणि मादी अवस्था. चाव्यापासून रक्तात गॅमिटोसाइट दिसेपर्यंत साधारण ९ दिवस जातात. गॅमिटोसाइट ज्या पेशीत राहतो, ती ताणून साधारण तांबड्या पेशीच्या तिप्पट लांब होते. पेशी इतकी बदलते, की मुळात ती पांढरी होती की तांबडी, यावरच बराच काळ वाद चालला. पुढची माशी हे रक्त पिते, तिच्या पोटात नर-मादीचं मीलन होतं, पोटाच्या भिंतीत ऊसिस्ट तयार होतात, आणि काही दिवसांत नवे स्पोरोझोइट तिच्या लाळग्रंथीत येऊन थांबतात.

पिल्लांमध्ये आजार जोरात असतो. खाणं सुटतं, तहान लागते, पिल्लू पेंगतं, चालताना तोल जातो. काही पिल्लं दोन-तीन दिवसांत मरतात. उघडून पाहिलं तर यकृत आणि प्लीहा सुजलेली, रक्त कमी. जी वाचतात ती बऱ्याचदा परजीवी अंगात घेऊन महिनोन्‌महिने जगतात.

इथवर पाठ्यपुस्तक. आता खरा प्रश्न असा, की यातलं प्रत्येक वाक्य कुणाला, कशावरून कळलं?

पहिली पायरी: दिसलं

१८९५ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथनं टर्कीच्या रक्तात हा परजीवी पाहिला. हा तोच स्मिथ, ज्यानं किलबॉर्नबरोबर १८९३ मध्ये दाखवून दिलं होतं, की गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमुळे पसरतो. म्हणजे "किडा रोग पसरवू शकतो" हे ज्यानं जगाला पुराव्यानिशी सांगितलं, त्याच माणसाच्या डोळ्यासमोर हा परजीवी होता. पुढे १९०५ मध्ये फ्रान्समध्ये लाव्हरान आणि ल्युसे यांनी त्याला स्मिथचं नाव दिलं. लाव्हरान म्हणजे १८८० मध्ये माणसातला मलेरियाचा परजीवी शोधणारा.

इतके मोठे लोक. तरी तो टर्कीत येतो कुठून, याचं उत्तर मिळायला १९३२ साल उजाडलं. त्या वर्षी नेब्रास्कातल्या स्किडमोरनं सिम्युलियम या आजाराची वाहक असल्याचं दाखवलं. पहिल्यांदा दिसण्यापासून वाहक कळण्यापर्यंत ३७ वर्षं गेली.

का? कारण स्मीअर एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: या पक्ष्याच्या रक्तात, या क्षणी, परजीवी आहे का? कुठून आला, कधी आला, त्यानं काय केलं, यातलं काहीच तो सांगत नाही.

आणि "आहे का?" हेसुद्धा तो पूर्ण खरं सांगत नाही. तीन कारणं लिहून ठेवा.

एक, पहिले ९ दिवस. यकृतात परजीवी वाढत असतो, नुकसान सुरू झालेलं असतं, आणि स्मीअर मात्र कोरा.

दोन, वेळ. स्मिथीचे गॅमिटोसाइट कातडीजवळच्या रक्तात दिवसा जास्त आणि रात्री कमी दिसतात. १९७०च्या दशकात साउथ कॅरोलिनात यावर काम झालं, आणि उजेडाचे तास व पक्ष्याच्या शरीराचं तापमान यांच्याशी याचा संबंध जोडला गेला. माशी दिवसाच चावते, हे लक्षात घेतलं तर यात अर्थ आहे. आता समजा तुम्ही एका फार्मवर सकाळी ११ ला रक्त घेतलं आणि दुसऱ्या फार्मवर पोचायला रात्र झाली. दोन फार्ममधला जो फरक दिसेल, तो फार्मचा की घड्याळाचा?

तीन, जुना संसर्ग. मोठ्या टर्कीत परजीवी दिसला तरी तो मागच्या हंगामातला असू शकतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या रानटी टर्कींमध्ये हा परजीवी खूप सर्रास सापडतो आणि त्या पक्ष्यांना बघून काही आजार जाणवत नाही. अशी टर्की गाडीखाली येऊन मेली आणि तुम्ही तिचा स्मीअर केला, तर परजीवी दिसेलच. मग लिहिणार का, "ल्युकोसायटोझूनमुळे मृत्यू"?

दुसरी पायरी: कुणी आणलं

कॉखच्या कसोट्या आपण सगळ्यांनी पाठ केल्यात. रोगजंतू वेगळा काढा, शुद्ध वाढवा, निरोगी प्राण्याला द्या, रोग झाला का बघा. स्मिथीच्या बाबतीत हे अडतं. रक्तातले गॅमिटोसाइट टर्कीत विभागतच नाहीत. ते माशीची वाट बघत थांबलेले असतात. त्यामुळे फक्त गॅमिटोसाइट असलेलं रक्त दुसऱ्या टर्कीला टोचलं, तरी संसर्ग पुढे जात नाही. मधे माशी लागतेच. आणि सिम्युलियम प्रयोगशाळेत पाळणं डासांसारखं सोपं नाही. तिच्या अळीला सतत वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं.

मग करायचं काय? रानातून माश्या पकडायच्या, लाळग्रंथी काढून स्पोरोझोइट शोधायचे, ते संसर्ग नसलेल्या पिल्लाला द्यायचे आणि त्याच्या रक्तात गॅमिटोसाइट येतात का ते बघायचं. मूळ विचार तोच, जो रोनाल्ड रॉसनं १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांच्या मलेरियावर वापरला होता: डासाच्या पोटातून लाळग्रंथीपर्यंत परजीवीचा माग काढायचा, आणि मग त्याच डासांकडून निरोगी पक्ष्यांना संसर्ग होतो हे दाखवायचं.

आज आपल्याकडे पीसीआर आहे. २००४ मध्ये हेलग्रेन आणि सहकाऱ्यांनी जी नेस्टेड पीसीआर पद्धत दिली, तिनं ल्युकोसायटोझून आणि त्याचे भाऊबंद वेगळे ओळखता येतात. पद्धत छानच आहे. पण माशीत परजीवीचा डीएनए सापडला म्हणून माशी वाहक ठरत नाही. ती काल संसर्ग असलेल्या टर्कीचं रक्त प्यायली, एवढंच कदाचित कळेल. त्या माशीच्या पोटात परजीवी पचूनही जाऊ शकतो. वाहक म्हणायचं तर लाळग्रंथीत स्पोरोझोइट आणि त्यांच्यापासून पक्ष्याला संसर्ग, हे दोन्ही दाखवायला हवं.

यातली एक साधी गोष्ट मला फार आवडते. सिम्युलियमच्या मादीच्या पायाच्या नखाला बुडाशी मोठा अंगठ्यासारखा दात असेल, तर ती जात सहसा पक्ष्यांवर बसणारी असते. पिसांत पकड घ्यायला तो उपयोगी पडतो. म्हणजे शेकडो माश्या पकडल्यावर कुठल्या आधी तपासायच्या, हे नखावरून ठरवता येतं. नख पुरावा देत नाही, पण काम वाचवतं.

तिसरी पायरी: कुठे आणि कधी

यासाठी पहारेकरी पक्षी वापरतात. माशी शिरणार नाही अशा जाळीच्या खोलीत वाढवलेली निरोगी पिल्लं ठरावीक दिवसांसाठी ओढ्याजवळ पिंजऱ्यात ठेवायची, परत जाळीत आणायची, आणि पुढचे दोन-तीन आठवडे रक्त तपासायचं. गॅमिटोसाइट आले, तर संसर्ग कुठल्या जागी आणि कुठल्या आठवड्यात झाला ते कळतं. कुठल्या किड्यामुळे झाला ते कळत नाही. त्यासाठी शेजारी सापळे लावावे लागतात.

बघा, पुन्हा तेच. प्रत्येक पद्धतीला एक प्रश्न येतो. बाकीचे प्रश्न तिच्या अभ्यासक्रमाबाहेर असतात.

चौथी पायरी: काढून बघा

कारण सिद्ध करायचा सगळ्यात दणकट मार्ग म्हणजे ते कारण काढून टाकायचं आणि परिणाम जातो का बघायचं. साउथ कॅरोलिनाच्या दलदलीच्या भागात टर्की उघड्यावर पाळल्या जायच्या आणि तिथल्या ओढ्यांत सिम्युलियम स्लोसोनी ही जात भरपूर होती. तिथल्या संशोधकांनी विमानातून मोठ्या भागावर टेमीफॉसचे दाणे टाकून अळ्या मारल्या आणि टर्कींमधला संसर्ग दबतो का ते पाहिलं. हे काम १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. टेमीफॉस म्हणजे आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत पालिकेचे कर्मचारी पिंपात टाकतात ते अबेट. जवळपास त्याच काळात, १९७४ मध्ये, पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वाविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. तिथेही वाहक सिम्युलियमच, आणि हत्यारही विमानातून नद्यांत टाकलेलं टेमीफॉस.

समजा, माश्या कमी झाल्या आणि पिल्लांची मरतूकही कमी झाली. झालं सिद्ध?

मॅडमनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी पुन्हा "हो" म्हणालो होतो. उत्तर आहे, नाही. कारण सिम्युलियमचे थवे परजीवीशिवायही जनावरं मारू शकतात. रक्त जातं, लाळेचं विष चढतं. १९२३ मध्ये डॅन्यूब नदीच्या परिसरात, रोमानियात, सिम्युलियमच्या हल्ल्यात हजारो जनावरं दगावली. त्यात ल्युकोसायटोझूनचा काहीच हात नव्हता. गुरांना तो होतच नाही. म्हणजे माश्या काढल्यावर तुम्ही एकदम दोन गोष्टी काढल्या: परजीवी आणि चावे. पिल्लं कशामुळे वाचली?

मग उलट प्रयोग करू. माश्या चावू द्या, फक्त परजीवी रोखा. अमेरिकेत खाद्यातून देण्याचं क्लोपिडॉल हे औषध टर्कीतल्या स्मिथीसाठी मंजूर झालं होतं. औषध दिलेला गट आणि न दिलेला गट, दोघांना सारखेच चावे. औषधाच्या गटात मर कमी, तर परजीवीच दोषी.

इथेही थांबा. क्लोपिडॉल मुळात कॉक्सिडिओसिसवरचं औषध आहे. शेडमधल्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा, पिल्लांची मर लागली की पहिला संशय कॉक्सिडियावर. म्हणजे औषधानंही दोन गोष्टी काढल्या असतील: ल्युकोसायटोझून आणि कॉक्सिडिया.

मग हात टेकायचे का? नाही. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून बघा. अळ्या मारण्याच्या प्रयोगात माशी गेली, कॉक्सिडिया तिथेच राहिला. औषधाच्या प्रयोगात कॉक्सिडिया गेला, चावे तसेच राहिले. दोन्हीकडे मर कमी झाली, तर दोन्हींत समान गेलेली गोष्ट एकच: ल्युकोसायटोझून. एका प्रयोगाचं भोक दुसऱ्यानं बुजवलं. वर मेलेल्या पिल्लांच्या यकृतात परजीवीच्या वाढणाऱ्या अवस्था सापडल्या आणि आतड्यात कॉक्सिडियाच्या खुणा नसल्या, तर केस आणखी घट्ट होते. कारण सिद्ध होतं ते असं, एकेक पर्याय बाद करत. एका स्लाइडवर ते कधीच सिद्ध होत नाही.

एवढा काथ्याकूट कशाला?

मलाही आधी वाटायचं, मॅडम उगाच कीस काढतात. मग एकदा एका कुक्कुटपालकाचा फोन आला. पन्नासेक गावठी कोंबड्या, त्यातल्या बऱ्याच आठवड्यात गेल्या. त्यानं आणलेल्या दोन पक्ष्यांच्या रक्तात मला परजीवी दिसला आणि माझ्या तोंडावर आलं होतं, "रक्तातल्या परजीवीमुळे." मॅडमनी आधी शवविच्छेदन करायला लावलं. ग्रंथिल जठरात रक्ताचे ठिपके होते, पुढच्या तपासणीत राणीखेत निघाला. परजीवी बिचारा आधीपासून तिथे नुसता राहत होता. मी फोनवर घाईनं बोललो असतो, तर त्या माणसानं औषधावर पैसे घातले असते, उरलेल्या पक्ष्यांना लस दिली नसती, आणि शेजारच्या वस्तीतल्या कोंबड्याही गेल्या असत्या. "मुळे" हा शब्द त्याला महागात पडला असता, मला नाही.

सिनॉप्सिस लिहिताना

आता मी स्वतःसाठी ही यादी टेबलासमोर चिकटवली आहे:

१. माझी पद्धत नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते? तो प्रश्न एका वाक्यात लिहा.
२. तिला काय दिसणारच नाही? स्मिथीचे पहिले ९ दिवस आठवा.
३. नमुना घेण्याची वेळ, वय, हंगाम सगळीकडे सारखे आहेत का?
४. निरोगी गटात हेच तपासलं का? फक्त मेलेले पक्षी बघितले तर परजीवी गुन्हेगारच वाटणार.
५. मी जे "काढून बघतोय", त्याबरोबर आणखी काय निघून जातंय?
६. शीर्षकात "मुळे", "कारण", "परिणाम" असेल, तर त्याला वरच्या पाचांचा आधार आहे का? नसेल तर "आढळ", "प्रमाण", "संबंध" हे शब्दही मानाचेच आहेत.

माझं नवं शीर्षक आहे, "गावठी कोंबड्यांमधील रक्तपरजीवींचा आढळ आणि त्यांचा मरतुकीशी संबंध". ऐकायला पहिल्यासारखं दणदणीत नाही. पण या वेळी मेलेल्या पक्ष्यांइतकेच त्याच वाडीतले निरोगी पक्षीही यादीत आहेत, आणि सगळ्यांचं रक्त सकाळी १० ते १२ मधेच घ्यायचं ठरलंय. आरआरसीनं मंजूर केलं. समासात फक्त नमुन्यांची संख्या वाढवायला सांगितलं आहे, त्यावर पुढच्या वेळी.

तुमचं शीर्षक आत्ता काढून बघा. "मुळे" असेल तर स्वतःच विचारा, कशावरून? समितीनं विचारण्याआधी विचारलेलं बरं.